बंद पाकिटातील फोटोकार्ड : अमळनेर तालुक्यातील एका घराचे प्रकरण

अमळनेर तालुक्यातील कापूस पिकवणाऱ्या एका घरातील सोळा वर्षांची मुलगी अकरावी विज्ञानासाठी जळगावात खोली घेऊन राहते. क्लासची फी, मेसचे बिल आणि एसटीचे भाडे यांसाठी दर वेळी गावाहून पैसे पाठवणे गैरसोयीचे पडते, म्हणून वडील तिच्या नावाच्या बचत खात्यावर सहामाहीची रक्कम एकदम भरतात आणि ती यूपीआयने खर्च करते. कोरियातील सात जणांच्या एका गायकगटावर तिचे मनापासून प्रेम आहे. त्यांतला एक जण तिचा विशेष आवडता. चाहत्यांच्या बोलीत तिचा ‘बायस’. हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे आणि त्यातील कुटुंब कोणा एकाचे नाही. बाजाराची रीत, कायदे आणि गणित मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत.

त्या गटाचा नवा अल्बम तीन आवृत्त्यांत निघाला. प्रत्येक आवृत्तीत एक जाड छायाचित्रपुस्तिका, एक सीडी आणि एक फोटोकार्ड. कार्डाचा आकार साधारण साडेपाच गुणिले साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे खिशातल्या एटीएम कार्डाएवढा. सातांपैकी कोणाचे कार्ड निघेल, हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. मुलीच्या घरी किंवा खोलीवर सीडी वाजवण्याचे कोणतेही साधन नाही आणि गाणी ती फोनवर फुकट ऐकते. तिला हवी होती तिच्या बायसची तीन कार्डे, प्रत्येक आवृत्तीचे एक.

भारतात असे अल्बम मागवण्याची रुळलेली पद्धत ‘ग्रुप ऑर्डर’ची आहे. धुळ्यातील वीस वर्षांची एक महाविद्यालयीन तरुणी इन्स्टाग्रामवर अशा ऑर्डरी गोळा करत असे. खानदेशातल्या आणि नाशिककडच्या मुली तिच्याकडे नाव नोंदवून पैसे भरत, ती सेऊलमधील एका दुकानातून एकत्र माल मागवत असे आणि तो आल्यावर टपालाने ज्याला त्याला पाठवत असे. एका अल्बमचे १,७०० रुपये आधी भरायचे आणि आंतरराष्ट्रीय टपाल व सीमाशुल्काचे २४० रुपये माल आल्यावर. या १,७०० मध्ये तिची मेहनत म्हणून ५० रुपये धरलेले होते आणि ते तिने फॉर्ममध्ये उघड लिहिलेही होते.

मुलीने आधी प्रत्येक आवृत्तीचा एक असे तीन अल्बम घेतले. त्यांत बायसचे कार्ड निघाले नाही. मग चार घेतले, त्यांतही नाही. तेवढ्यात आयोजक तरुणीच्या पानावर ‘शेवटचे चार स्लॉट, आज रात्री बारापर्यंत’ अशी सूचना झळकली आणि मुलीने ते चारही घेतले. अकरा अल्बमांचे १८,७०० रुपये आणि आलेल्या सातांच्या टपालाचे १,६८० असे २०,३८० रुपये तिच्या खात्यातून गेले. शेवटचे चार अल्बम धुळ्याला पोहोचले आणि त्यांच्यावरील ९६० रुपयांची मागणी आली, तेव्हा खात्यात क्लासच्या दुसऱ्या हप्त्यापुरतेही पैसे उरले नव्हते. तिने आईला फोन केला.

पूर्ण हिशेब २१,३४० रुपयांचा होतो. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. त्या भावाने हा तीन क्विंटल कापूस झाला, आणि तोही वेचणीची मजुरी व बियाण्या-खताचा खर्च न वजा करता. घरात सर्वांत आधी आजी बोलली, “इतला पैसा फोटूले दिन्हा?” वडील दोन दिवस काहीच बोलले नाहीत. पुढचे सगळे आईनेच हाती घेतले. ती अंगणवाडी सेविका आहे, नोंदी ठेवण्याची तिला सवय आहे, आणि मुलीला रागावण्याआधी तिने वहीत तारीखवार हिशेब मांडला. या प्रकरणात नंतर जे काही धड झाले, ते या वहीमुळे झाले.

नशीब आणि गणित

वही पाहून मुलीचे पहिले वाक्य होते, “मम्मी, माझं नशीबच खराब आहे.” आयोजक तरुणीही तिला तेच म्हणाली होती आणि खरेदीदार मुलींच्या समूहात सगळ्यांनी तिचे सांत्वन याच शब्दांत केले होते. या समजुतीला कोणी हात लावला नाही, म्हणून तिचा हिशेब येथे थोडा सविस्तर देतो.

सातही कार्डे सारख्याच प्रमाणात घातलेली आहेत असे धरू. एका अल्बमात बायसचे कार्ड न निघण्याची शक्यता सातात सहा. सात अल्बम घेतले तर सहा सप्तमांशाचा सातवा घात करायचा. उत्तर येते ०.३४. म्हणजे सात अल्बम घेणाऱ्या शंभर मुलींपैकी सुमारे चौतीस जणींच्या हाती आवडत्याचे एकही कार्ड लागत नाही. आपली मुलगी त्या चौतिसांतली एक होती. तिच्या बाबतीत काही विपरीत घडले नव्हते. असा माल अशा रीतीने विकला की शंभरातील चौतीस घरांत हेच घडणार, हे माल बांधतानाच ठरलेले असते. सात कार्डे आहेत म्हणून सात अल्बमांत एक तरी निघेलच, असे बहुतेकांना वाटते, आणि विक्री या वाटण्यावरच चालते.

तिला हवी असलेली तिन्ही कार्डे मिळवायची तर आवृत्ती निवडून घेतानाही सरासरीने एकवीस अल्बम लागले असते, म्हणजे टपाल सोडून ३५,७०० रुपये. सातही जणांची तीनही आवृत्त्यांतली एकवीस कार्डे जमवायची म्हटली, तर एका आवृत्तीचा संच पुरा व्हायला सरासरी अठराहून थोडे अधिक अल्बम लागतात आणि तिन्ही मिळून चौपन्न-पंचावन्न. रक्कम ९२,००० रुपयांच्या पुढे जाते. संच पुरा होत आला की हाती असलेलीच कार्डे पुन्हा पुन्हा निघू लागतात आणि शेवटचे एक कार्ड सर्वांत महाग पडते. या आकड्यांसाठी वेगळी माहिती गोळा करावी लागत नाही. बारावीच्या संभाव्यतेच्या धड्याएवढे गणित पुरते. ते मालाच्या पाठीवर एका ओळीत छापता आले असते.

यात्रेतला चिठ्ठी फाडण्याचा खेळ खानदेशात सर्वांच्या परिचयाचा आहे. तिथे निदान पुठ्ठ्यावर किती चिठ्ठ्या उरल्या आहेत आणि मोठे बक्षीस अजून टांगलेले आहे की गेले, हे पोराला समोर दिसते. अल्बमच्या पाकिटाबाबत एवढेही दिसत नाही.

हे असे का विकले जाते

अल्बमात फोटोकार्ड घालण्याची प्रथा सर्वसाधारणपणे गर्ल्स जनरेशन या गटाच्या २०१० सालच्या अल्बमपासून सुरू झाली असे मानतात. त्या वेळेपर्यंत गाणी इंटरनेटवरून ऐकली जाऊ लागली होती आणि सीडी विकत घेण्याचे कारण उरत नव्हते. कार्डाने ते कारण पुरवले. पुढे एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या, दुकानागणिक वेगळे आगाऊ-नोंदणी कार्ड, आणि जितके अल्बम तितक्या चिठ्ठ्या या हिशेबाने स्वाक्षरी-भेटीच्या किंवा व्हिडिओ कॉलच्या सोडती अशी भर पडत गेली. २०२३ मध्ये कोरियातील गाण्यांच्या व अल्बमांच्या खपाची क्रमवारी लावणाऱ्या सर्कल चार्टच्या मोजणीत अल्बमविक्री १० कोटींच्या वर गेली. यांतले कितीतरी अल्बम एकाच व्यक्तीने अनेक प्रती घेतल्याने विकले गेलेले असतात, हे त्या व्यवसायात कोणालाही नवे नाही. पहिल्या आठवड्याच्या विक्रीचा आकडा चाहते आपल्या गटाची इभ्रत समजतात; त्यामुळे दुसरी प्रत घेणे ही त्यांना उधळपट्टी वाटत नाही, कर्तव्य वाटते.

त्याचा कचराही होतो. कोरियाच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार अल्बमांसाठी वापरलेले प्लास्टिक २०१७ मध्ये सुमारे ५५ टन होते, ते २०२२ मध्ये ८०० टनांवर पोहोचले. आपल्या प्रकरणात जळगावच्या खोलीत पलंगाखाली सात सीड्या आणि सात जाड पुस्तिका पडून होत्या. मुलीला हवी असलेली वस्तू काही ग्रॅमची, आणि टपालखर्च भरावा लागला तो या न लागणाऱ्या वजनाचा.

या पद्धतीवर बोट ठेवणारे पहिले कोरियातीलच लोक आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील फेअर ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातील गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, चार मोठ्या मनोरंजनगटांच्या विक्री कंपन्यांना एकूण १ कोटी ५ लाख वॉन, म्हणजे साधारण साडेसहा लाख रुपये दंड केला. पाकीट फोडले की परतावा नाही, वस्तू कमी निघाली तर पाकीट फोडतानाचे सलग चित्रीकरण दाखवा, अशा अटी त्यांनी ग्राहकांवर लादल्या होत्या. दंडाची रक्कम या कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे, पण ग्राहकाचा हक्क मान्य झाला, याला मी महत्त्व देतो. दंड परताव्याच्या अटींसाठी झाला; बंद पाकिटातील दैवाच्या विक्रीला त्याने हात लावला नाही. त्याच देशाने मार्च २०२४ पासून व्हिडिओ गेममधील दैवाधीन वस्तूंची शक्यता टक्केवारीत जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. जपानने २०१२ मध्येच, दैवाने मिळणाऱ्या वस्तूंचा संच पुरा केल्यावर मोठी वस्तू देणारी गेममधील योजना बेकायदा ठरवली. बेल्जियमने २०१८ मध्ये गेममधील अशा दैवाधीन वस्तूंच्या बंद पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. पडद्यावरच्या तलवारीसाठी जो खुलासा सक्तीचा आहे, तो कागदी कार्डासाठी का नसावा, या प्रश्नाला मला कोणतेही समाधानकारक उत्तर सापडत नाही.

कार्ड ही हातात उरणारी वस्तू आहे आणि ती बदलता-विकता येते, म्हणून हा जुगार नव्हे, असे कंपन्यांच्या बाजूने म्हणता येते. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण जमवण्यात खरा आनंद आहे. या मुलीने कार्डांसाठी बाइंडर लावले होते, प्रत्येकावर प्लास्टिकची बाही घातली होती, आणि या छंदातून तिला नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत मैत्रिणी मिळाल्या होत्या. पण याच व्यवसायात काही अल्बमांच्या सदस्यनिहाय आवृत्त्या निघतात, ज्यांत मुखपृष्ठावर कोण आणि आत कोण हे आधीच ठरलेले असते. निवडून विकणे शक्य आहे आणि कंपन्यांना ते जमते. तरीही पाकीट बंद ठेवले जाते, याचे कारण एकच दिसते : निवडता आले असते, तर या मुलीने अकराऐवजी तीनच घेतले असते.

धुळ्याची तरुणी

गावात ही गोष्ट पसरली तेव्हा सगळा राग धुळ्याच्या तरुणीवर निघाला. मुलीचे मामा तर पोलिसांत तक्रार करा म्हणत होते. आईने आधी तिला फोन केला.

“बेटा, तू पैसे घेतलेस तेव्हा माझी मुलगी किती वर्षांची आहे ते विचारलं होतंस का?”

“नाही काकू. कोणालाच विचारत नाही. सगळ्या माझ्यासारख्याच वाटतात.”

तिने सेऊलच्या दुकानाची बिले, सीमाशुल्काची पावती आणि टपालाच्या नोंदी त्याच संध्याकाळी पाठवल्या. हिशेब चोख होता. शेवटच्या चार अल्बमांचे सीमाशुल्क तिने पदरचे भरले होते आणि अशाच आणखी काही मुलींचे पैसे अडकल्याने ती स्वतः मैत्रिणीकडून उसने घेऊन बसली होती. फसवणूक या शब्दाला लागेल असे तिने काही केले नव्हते. पण ‘शेवटचे चार स्लॉट’ ही सूचना खरी नव्हती, हे तिने विचारल्यावर कबूल केले. आगाऊ नोंदणीची मुदत खरी होती. स्लॉट कितीही वाढवता आले असते. असे लिहिले की लोक लवकर भरतात, हे ती मोठ्या दुकानांच्या पानांवरून शिकली होती. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यांतला एक आहे. हे नियम विक्रेत्यालाही लागू होतात. वीस वर्षांच्या मुलीने पन्नास रुपयांसाठी केले म्हणून ते सुटत नाही. तरीही या साखळीत सर्वांत कमी कमावणारी आणि सर्वाधिक जोखीम उचलणारी हीच होती, आणि आईच्या हे लगेच लक्षात आले.

अमळनेरच्या एका वकिलांनी कायद्याची बाजू सांगितली. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्द असतो. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायासन असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी प्रकरणात हे पक्के केले. त्यामुळे उरलेले ९६० रुपये तरुणीला कायद्याने वसूल करता आले नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विक्री वाढवण्यासाठी राबवलेली सोडत किंवा दैवाचा खेळ अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो, आणि तक्रार आता राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. अल्बममधील कार्ड या व्याख्येत बसवता येईल असे माझे मत आहे. पण मूळ दुकान सेऊलमध्ये, कंपनी त्याच्याही पलीकडे, आणि जळगावच्या आयोगापुढे प्रत्यक्षात उभी राहणार ती धुळ्याची तरुणी. जाहिरातींविषयीच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, मुलांचा अननुभव, भाबडेपणा किंवा निष्ठा यांचा फायदा घेणारी जाहिरात नको असे म्हटले आहे. निष्ठेचा उल्लेख तिथे आहे, हे मला फार मोलाचे वाटते. कारण या मालाचा बाजारच निष्ठेवर उभा आहे आणि तिचे सर्वांत निर्मळ रूप पंधरा-सोळाव्या वर्षीच असते.

चार बंद अल्बम

खरा पेच उभा राहिला तो धुळ्यात पडलेल्या चार बंद अल्बमांवरून. तरुणीने सुचवले, “काकू, हे सील्ड आहेत, समूहात टाकले की तासाभरात जातील. तुमचे ६,८०० परत.” वडिलांना हे पटले. क्लासचा हप्ता समोर होता आणि पैसे खरोखर परत येणार होते. कायद्यानेही त्यात काही आडवे येत नव्हते.

आईने विचारले की घेणाऱ्या मुली कोण आहेत आणि त्यांच्या घरी माहीत आहे का. तरुणीकडे उत्तर नव्हते. आईचा हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक वाटतो. पाकीट फोडले तर आतल्या नको असलेल्या कार्डासह तो अल्बम जेमतेम चौथ्या हिश्शाला जाईल. न फोडता तो पूर्ण किमतीला जातो, कारण घेणारी व्यक्ती आशेचीही किंमत मोजत असते. म्हणजे हे घर आपले नुकसान भरून काढणार ते तीच आशा दुसऱ्या एखाद्या पोरीला विकून. हा दोष कंपनीच्या दोषाएवढा नाही, चार अल्बमांच्या व्यवहाराने बाजारही बदलत नाही, आणि पैशांची गरज खरी होती. तरी मी आईच्या बाजूचा आहे. ज्या माहितीच्या अभावी आपली मुलगी अडकली, ती माहिती आपल्या हाती आल्यावर ती न देता माल पुढे सरकवणे योग्य नव्हते. विकू नये असे माझे म्हणणे नाही. सांगून विकावे एवढेच आहे.

झालेही तसेच. तरुणीने समूहात लिहिले की चार बंद अल्बम आहेत, घेणाऱ्याचे वय अठरा पूर्ण हवे, आणि प्रत्येकात हव्या त्या सदस्याचे कार्ड निघण्याची शक्यता सातात एक आहे. तासाभरात कोणीही आले नाही. चार दिवसांनी नाशिकच्या एका नोकरदार बाईंनी दोन घेतले. उरलेल्या दोनांसाठी तेवढेच पैसे देणारे अनेक निरोप आले, पण वय विचारल्यावर पुढे उत्तर आले नाही. हे पाहून तरुणी मुलीला म्हणाली, “मला वाटत होतं मी माझ्याच वयाच्या पोरींना विकतेय.”

९६० रुपये आईने दिले. कायद्याने देणे नव्हते, पण ते पैसे तरुणीने खरोखर सरकारला आणि टपाल खात्याला भरलेले होते. तरुणीने आपले ५५० परत केले. दोन अल्बमांचे ३,४०० आले. क्लासच्या हप्त्याची उरलेली रक्कम वडिलांनी कापूस थोडा आधी विकून भरली. भाव चढेपर्यंत तो घरात ठेवायचा त्यांचा विचार होता.

मुलीने नको असलेल्या सात कार्डांपैकी तीन देऊन कोल्हापूरच्या मैत्रिणीकडून बायसचे एक कार्ड अदलाबदलीने मिळवले. टपालाचा खर्च किरकोळ आला. मग उरलेले दोन अल्बम न फोडता कोणाला द्यायचे यावर मायलेकींत मतभेद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मुलीच्या मते वयाची अट लावली की ज्यांना गाणी सर्वांत जास्त आवडतात त्याच मुली बाहेर राहतात, आणि घरी विचारण्याची सोय प्रत्येकीकडे नसते. आईने तिला सांगितले की फॉर्ममध्ये आईवडिलांच्या संमतीचा रकाना असेल, तर तिची हरकत नाही. धुळ्याच्या तरुणीने नव्या फॉर्ममध्ये वय, पालकांचा क्रमांक आणि सातात एक या शक्यतेची ओळ घातली आहे, स्लॉटची खोटी संख्या काढली आहे, आणि सदस्यनिहाय आवृत्ती निघत असेल तर आधी तीच मागवायची असे ठरवले आहे. तिच्या ऑर्डरी निम्म्याहून कमी झाल्या आहेत. दुसऱ्या शहरातल्या आयोजकांकडे यांतला एकही रकाना नाही आणि मुली तिकडे वळत आहेत.